शेवटच्या डब्याचा दणका

आमच्या छोट्या रेल्वेचा शेवटचा गार्डाचा डबा स्टेशनाबाहेर कायमचा उभा करायचं ठरलं आणि त्याच्या इतिहासाचा फलक लिहायचं लचांड माझ्यामागे लागलं. कारण उघड आहे. मालगाडीच्या शेपटाला गार्ड म्हणून जन्म काढलेले अण्णा माझे वडील आणि त्याच गाडीचं इंजिन चालवणारा माझा सख्खा मामा. दोघांनी मान डोलावल्याशिवाय मजकूर रंगवायचा नाही, असं रेल्वेचे साहेब म्हणाले. साहेबांचं काय जातंय!

इतिहासावर वाद नव्हता. आधी चार चाकांचे लाकडी डबे, आत कोळशाची शेगडी. मग लोखंडी, बाजूला पुढे आलेल्या खिडकीचे. कुठल्या चाकातून धूर निघतोय ते गार्डानं तिथून बघायचं. पुढे शेवटच्या वाघिणीला, म्हणजे मालाच्या डब्याला, लुकलुकता दिवा बसला आणि गार्ड घरी बसले. डबे विकले. एकात कोंबड्या आल्या, एकात न्हावी.

अडलं एका वाक्यावर. ‘ब्रेक लागला की वाघिणी एकमेकींवर आपटत यायच्या आणि शेवटचा दणका गार्डाला बसायचा.’ अण्णांना हे हवंच होतं.

“माझ्या गाडीत पेल्यातलं पाणी हललं नाही कधी, भाऊजी,” मामा म्हणाला.

“पुढे नसेल हललं. मागे मी भिंतीवर आपटत होतो, मेव्हणे.”

“पोरी, खोड ते.”

“ते खोडलंस तर माझं नावही खोड!”

आठवडाभर मी लिहीत होते, खोडत होते आणि वर दोघांना चहा करून घालत होते. आई असती तर नवऱ्याला आणि भावाला एक वेळ उपाशी ठेवून तिनं निकाल लावला असता.

शेवटी डबा हलवायच्या दिवशी मी वैतागून मामालाच त्यात चढवलं. पुढे रिकाम्या वाघिणी, त्यांच्यापुढे इंजिन. गाडीच्या या टोकाला मामा जन्मात पहिल्यांदा बसला. अण्णा आणि मी फलाटावर उभे. इंजिन थांबलं, खडखडाट एकेका वाघिणीतून मागे पळत आला आणि डब्यातून धप्पकन आवाज झाला.

आम्ही धावलो. मामा खाली बसलेला, चष्मा एका कानाला लोंबतोय.

“लागलं का, मेव्हणे?”

“छे! ड्रायव्हर नवशिका आहे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णांनी त्याला हात देऊन उठवलं. “आज नाही कळायचं,” एवढंच म्हणाले. “अंग उद्या धरतं.”

सकाळी मामाचा फोन. “कुशीवर वळवत नाही गं. भाऊजींना सांगू नकोस.”

भाऊजी शेजारीच होते, आणि मामाचं कुजबुजणं दोन खोल्या ओलांडून जातं. अण्णांनी गरम पाण्याची पिशवी शोधली, चपला घातल्या.

“अण्णा, त्या वाक्याचं तेवढं विचारून या!” मी दारातून ओरडले.

“पडलेल्या माणसाला काय विचारायचं?” म्हणाले आणि गेले.

दुपार झाली तरी परतले नाहीत. फलकाच्या मजकुरासाठी साहेबांचे मात्र दोन फोन येऊन गेले.