ओढ्याकाठचे खांब

थोराने खिडकीतून ओढ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. बर्फ वितळून काठ भुसभुशीत झाला होता आणि काल सांजेपर्यंत मोकळ्या असलेल्या त्या काठावर खांबांची ओळ उभी होती.

तिचा दीर अर्विद दारात आला. बूट चिखलाने भरलेले, चेहरा मात्र लग्नघरातला.

"भावजी, हे तुमचं काम?"

"मग कुणाचं? म्हटलं वहिनीचं कुंपण उरकून टाकू."

"कुंपण की मला? मदतीच्या कागदावर सरकारची सही व्हायच्या आधी कामाला हात लावला तर मदत गेली. चर्चमध्ये कॉफी पिताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी. तुमचं लक्ष केकवर."

अर्विदचा चेहरा उतरला. "उपटून टाकतो."

"आणि खड्डे खिशात घालता?"

आतून नातीचं रडणं ऐकू आलं. गाई ओढ्यात उतरायच्या, त्यांची घाण विहिरीपर्यंत झिरपायची. तपासणीत जंतू निघाल्यापासून बाळाचं पाणी दुकानातून यायचं. ओढ्याला कुंपण आणि गाईंना प्यायला टाकी, दोन्ही त्या मदतीवर अडलं होतं.

तेवढ्यात ती मदत देणाऱ्या, काउंटीच्या जलसंधारण कचेरीची गाडी वळणावर दिसली.

"जुने खांब आहेत म्हण," अर्विद पुटपुटला.

"शेजारी ओल्या मातीचे ढीग पडलेत. आणि तुमच्या अकलेपायी मी या वयात खोटं बोलू?"

केंद्रा गाडीतून उतरली. कचेरीतर्फे शेतांची पाहणी तीच करायची. थोराने तिला नमस्कारही करू दिला नाही.

"ते खांब काल रात्री माझ्या दिराने पुरले. मला न विचारता. काय लिहायचं ते लिही."

केंद्रा काठावर गेली, वाकली, फीत लावली. पुन्हा लावली. थोराच्या मुठीत फडक्याचा बोळा झाला होता.

"काठापासून दोन फुटांवर? इतक्या जवळ का?"

"चांगलं गवत वाया कशाला घालवायचं?" अर्विद म्हणाला.

केंद्राने वरच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ ती नुसतं "हो, हो" करत राहिली. थोरा तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आमचं कुंपण काठापासून पस्तीस फूट आत येतं," केंद्रा फोन ठेवून म्हणाली. "मधल्या गवतात घाण अडते. म्हणजे आमच्या कामाला अजून हात लागलेलाच नाही. हे खांब तेवढे काढा."

थोराने श्वास सोडला. "भावजी, तुमच्या हावरेपणाने वाचवलं आज."

अर्विद पहार घेऊन निघाला.

"थांबा तिथेच," थोरा म्हणाली. "खांब सहीआधी उपटलेले चालतात का, ते विचारा तिला अगोदर."