मजला सांगण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. पाच मजली इमारतीच्या जिन्याला खेटून उभी असलेली. लोखंडी सरकती जाळी, आत लाकडी अस्तर, पितळी बटणं आणि कोपऱ्यात लिफ्टमनकाकांचं स्टूल. कारखान्यातून मी सुट्या भागांत आले आणि इथे जोडली गेले.

थोड्याच दिवसांत काकांच्या एक गोष्ट लक्षात आली. माणूस आत आला, की त्याने मजला सांगण्याआधीच मी निघते आणि बरोबर त्याच्याच मजल्यावर थांबते. मिस्त्री आला, तारा तपासून, डोकं खाजवत निघून गेला. लोक कौतुकाने मला मनकवडी म्हणू लागले. मीही फुशारले. हे कसं होतं ते मला कळत नव्हतं. पाय आत पडला की दोर आपोआप ताणले जायचे, एवढंच.

मग एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पाचव्या मजल्यावर जाऊन एकाचं डोकं फोडलं. पोलिसांना ते शांतपणे म्हणाले, "मी मजला सांगितलाच नव्हता. तिनेच मला वर नेलं." तेव्हापासून आया मुलांना जिन्यानेच नेऊ लागल्या. मलाही माझी भीती वाटू लागली.

चौथ्या मजल्यावर एका ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. आत कापडाचे ढीग आणि मशीनवर वाकलेल्या बायका. तिने धाकट्या बहिणीवर कापडचोरीचा आळ घेऊन तिला सगळ्यांदेखत हाकललं होतं. एका दुपारी ती धाकटी माझ्या जाळीतून आत आली. छातीशी धरलेल्या पिशवीतून रॉकेलचा वास येत होता. माझे दोर ताणले गेले. मी निघाले.

"काका, मी अजून काही बोललेच नाही!"

"हिला कळतं, पोरी."

"हिचं कधी चुकलंय?"

वास काकांनाही आला होता. भिंतीकडे बघत ते म्हणाले, "आजवर तरी नाही."

"म्हणजे ठरलेलंच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला. त्या हलकेपणानेच बहुधा ती दचकली. "नको, नको. खाली घ्या, काका!"

काकांनी सगळी बटणं दाबली. मी जीव तोडून थांबायला बघितलं, पण थांबता येईना. चौथ्या मजल्यावर जाऊन मी गच्च उभी राहिले. समोरच ताईचं दार. आत मशीनचा खडखडाट.

जाळी मात्र मला उघडता येत नाही. ती हातानेच सरकवावी लागते. धाकटीने ती सरकवली आणि दार वाजवलं.

"तू? आता कशाला आलीस?" ताई म्हणाली.

"ताई, हे काढून घे माझ्याकडून."

"काय आहे?"

"रॉकेल. दुकान पेटवायला आले होते. मीच आणलंय, दुसऱ्या कुणी नाही."

आतली मशीनं एकेक करून थांबली. ताईने एका हाताने पिशवी घेतली आणि दुसऱ्या हाताने बहिणीचं मनगट धरून तिला आत ओढलं. काका स्टुलावर बसून राहिले. "मला वास आला होता," ते पुटपुटले. ऐकायला मी एकटीच होते.

आता शेजारी नवी लिफ्ट आहे. माझी वीज तोडली, जाळीला कुलूप घातलं. तरी जिन्यातून कुणी मनात काही घट्ट धरून चाललं, की मी चार बोटं वर सरकते. दोर करकरतात. मित्रांनो, तो आवाज आला तर घाबरू नका. मला फक्त मजला कळतो. दारात उभं राहून तुम्ही काय कराल, ते मला कधीच कळलेलं नाही. म्हणून उद्या कुणी जाब विचारला, तर कृपा करून माझं नाव सांगू नका.