दुपारचा शर्ट

'एक दिवसाआड' हे बँडचं नाव विरारच्या नळाच्या पाण्यावरून पडलं होतं, आणि कौस्तुभला त्या नावाचा अभिमान होता. बाकी अभिमान वाटावा असं त्याचं फारसं काही चाललं नव्हतं. तो गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा, रेवा गायची, एरॉल ड्रमवर असायचा. तिघांनी मिळून चार गाण्यांचा ईपी काढला, आणि पहिल्याच आठवड्यात लोकांना त्यातलं तिसरं गाणं फार आवडलं. तिथूनच कौस्तुभचं डोकं फिरायला सुरुवात झाली.

ते तिसरं गाणं त्याच्या आईचं होतं. सुमेधाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. चंदनसारच्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी त्या दोरीवरचा नवऱ्याचा वाळलेला ऑफिसचा शर्ट काढायच्या, गाउनवर चढवायच्या आणि लोंबत्या बाह्या हलवत घरभर फिरायच्या. छातीच्या खिशाला पेन अडकवून टेबलाशी साहेबासारख्या उभ्या राहायच्या आणि शाळेतून आलेल्या कौस्तुभची रजा नामंजूर करायच्या. पोरगा हसून हसून लोळायचा. पाचच्या आत शर्ट उतरायचा, इस्त्री होऊन कपाटात जायचा. हे सगळं गाण्यात होतं. बाह्या होत्या, खिसा होता, पाचचा ठोका होता. फक्त आई हा शब्द नव्हता.

"एकदा तरी आई म्हण की," रेकॉर्डिंगच्या वेळी रेवा म्हणाली होती.

"आई आली की लोक ऐकायचं सोडून रुमाल काढतात," तो म्हणाला. "ज्याला कळायचं त्याला कळेल."

ज्याला म्हणजे विलासरावांना, त्याच्या वडिलांना. चौतीस वर्षं सकाळी साडेसहाला घर सोडून रात्री नऊला परतलेला माणूस. बायको गेल्यापासून त्यांनी घरात तिचं नाव काढलं नव्हतं. बापलेक बोलायचे ते भाजीबद्दल आणि बंद पडलेल्या लिफ्टबद्दल. गाणं ऐकून बाबांनी एकदा तरी तिच्याबद्दल बोलावं, एवढ्याचसाठी कौस्तुभने ते केलं होतं.

लोकांनी त्याचं भलतंच केलं. संगीताच्या एका वेबसाइटवर कोणा जाणकाराने लिहिलं, "प्रियकराचा शर्ट घालून घरभर बागडणारी आजची मुलगी इथे भेटते. पहिल्या प्रेमाचा ताजेपणा!" पाचपैकी साडेतीन तारे. त्याखाली एकीने लिहिलं, "हे म्हणजे मी आणि माझा तो," आणि तिच्याखाली लाल बदामांची रांग लागली. आणखी एका शहाण्याला गाणं लांबलेलं वाटलं, त्यातही इस्त्रीचं कडवं उगाच वाटलं. कौस्तुभने हे सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, जेवताना वाचलं. शिव्या खाल्ल्या असत्या तर पचल्या असत्या. हे कौतुक काही त्याच्या घशाखाली उतरेना.

त्यात एरॉलने ईपीच्या पानावर तळाला स्वतःचा मोबाइल नंबर टाकून ठेवला होता. वसईतल्या लग्नांत वाजवणारा माणूस तो. बॅनर असो की रेकॉर्ड, त्याच्या हातून नंबराशिवाय काही सुटत नसे. त्यामुळे निम्मे अभिप्राय फोनवर आले. रविवारी सांडोरला एरॉलच्या घरी सरावाला जमले असताना असाच एक आला आणि त्याने तो स्पीकरवर टाकला. चांदीपहून कोणी जितेंद्र बोलत होता.

"तुमचं तीन नंबरचं गानं लय भारी. शर्टाचं. भावाच्या हळदीला वाजवाल का? पन जरा फास्ट करा, लोकांना नाचता आलं पायजे."

"करू की," एरॉल म्हणाला आणि फोन ठेवून हसला. "आणि ऐक, आमची ग्लोरिया आंटी विचारते, पोरीच्या रिसेप्शनला केक कापताना हेच पाहिजे. शर्टाच्या आधी 'स्टीवनचा' असं घालशील का? जावई आहे तिचा."

"एरॉल, ती माझी आई आहे."

"माहितेय रे. पब्लिकला कुठे माहितेय? पब्लिक खूश आहे. तू कशाला सुतक धरून बसलायस?"

कौस्तुभने गिटार केसमध्ये कोंबली आणि निघाला. रेवा त्याच्यामागे फाटकापर्यंत आली.

"अजून सांगता येईल," ती म्हणाली. "कोणावर आहे ते खाली दोन ओळींत लिहून टाकू."

"मग गाणं कशाला केलं? ओळीच लिहिल्या असत्या."

त्याची अकड अजून गेली नव्हती. एका माणसाचं ऐकणं बाकी होतं ना.

घरी आला तेव्हा विलासराव हॉलमध्ये उभे राहून शर्टाला इस्त्री करत होते. ते काम आता त्यांच्याकडेच होतं, आणि दर वेळी कॉलरला एक सुरकुती राहायचीच. शेजारी टेबलावर मोबाइल होता आणि त्यातून रेवाचा आवाज येत होता. तिसरं गाणं. कौस्तुभ चपला न काढता दारातच थांबला.

"ऐकलं मी," विलासराव म्हणाले. "तीनदा ऐकलं."

ते हसत होते. दोन वर्षांत त्यांना असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं.

"मग?"

"मुलगी चांगली आहे. खेळकर वाटते. रेवाच ना ही? अरे, बापाला सांगायचं तरी! घेऊन ये एकदा जेवायला." त्यांनी बाही पलटली आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आईला आवडली असती."

कौस्तुभला आधी हसू आलं. मग संताप आला, बाबांचा, त्या जाणकाराचा, केकचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. गप्प बसावं असं वाटत असतानाच तो बोलून गेला.

"बाबा, तो शर्ट तुमचा आहे."

"माझा?"

"आई घालायची. दुपारी, गाउनवर. तुमची नक्कल करायची, माझी रजा नामंजूर करायची. पाचच्या आत काढून इस्त्री करून ठेवायची."

विलासरावांनी इस्त्री उभी करून ठेवली. हातातल्या बाहीकडे बघत राहिले. मोबाइलवर चौथं गाणं सुरू झालं होतं, ते कोणी बंद केलं नाही.

"मला कधी दिसली नाही ती अशी," ते म्हणाले. "रोज करायची?"

"रोज," कौस्तुभ म्हणाला. "तुमची सुट्टी सोडून."