रुपरावांच्या फियाटचे बंपर

जितेंद्रने धाकट्या भावाला एवढंच सांगितलं होतं, की बाबांची फियाट धुऊनपुसून चालती करून ठेव. शहरात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती. रुपरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तर त्यांचा फोटो बॉनेटला बांधून गाडी मिरवणुकीत न्यायची, असं जितेंद्रच्या मनात होतं. अंकुश फोनवर हो म्हणाला. आणि मग रविवारी सकाळी, नंदनवनातल्या घराच्या अंगणात, तो पाना घेऊन समोरचा बंपर काढायला बसला.

नट गंजून पार बसले होते. अंकुशने आदल्या दिवसापासून त्यांना रॉकेल पाजलं होतं, तरी एकही हलायला तयार नव्हता. शेवटी त्याने छिन्नी लावली आणि हातोडा घातला. ऊन चढत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. प्रत्येक घावाला तो तोंडातल्या तोंडात शिवी घालत होता. डाव्या बाजूचा नट तुटला तसा बंपर त्या बाजूने धाडकन खाली आला आणि उजवीकडच्या पट्टीवर लोंबकळत राहिला. अंकुश क्षणभर मागे सरकून बसला. 

या चकचकीत लोखंडाशी त्याची ओळख चौथीत असल्यापासूनची. रुपराव उमरेडकडच्या खाणीत सुपरवायझर होते. खाणीत त्यांचा दरारा, मोहल्ल्यात मान आणि घरात त्यांच्या चपलांचा आवाज आला की सगळे गप्प. एका सुट्टीच्या दिवशी अंगणात सायकल फिरवताना अंकुशच्या हॅंडलने बंपरवर ओरखडा उमटला. रुपराव बाहेर आले. ओरडले नाहीत. चष्मा काढून खिशात ठेवला, पोराला जवळ बोलावलं, "कुठं लागलं, बोट ठेवून दाखव," म्हणाले. अंकुशने बोट ठेवलं. मागून केसांत हात आला आणि त्याचं तोंड त्या बंपरवर आपटलं गेलं. मग पुन्हा. दात तुटून जिभेवर आले. त्याची आई वच्छला दारात उभी होती, हात जोडून. रुपरावांनी पोराच्याच हातात फडकं दिलं. "पुसून घे. क्रोमले डाग पडते."

डॉक्टरला सांगितलं, झोपाळ्यावरून पडला. जितेंद्र तेव्हा अमरावतीला होस्टेलवर होता. त्यालाही तेच कळवलं. अंकुशचा जबडा जरा तिरपा बसला तो बसलाच. जेवताना अजून कटकट वाजतो.

फाटक वाजलं. जितेंद्र मनीषनगरच्या आपल्या घरून आला होता, हातात क्रोम चमकवायच्या पॉलिशचा नवा डबा. लोंबकळणारा बंपर पाहून तो फाटकातच थांबला.

"हे काय करून राहिला बे?"

"काढून राहिलो."

"पॉलिशले?"

"भंगारले."

जितेंद्रने डबा ओट्यावर ठेवला. अंगाने तो थोराड, रुंद. बॅंकेत साहेब होता, आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. त्याचा आवाज खाली जायचा.

"अंकुश, बाबानं जीव लावला होता या गाडीले."

"हाव. गाडीले लावला."

"म्हंजे?"

"माहं तोंड कशानं फुटलं, माहीत हाय तुले?"

"झोपाळ्यावरून पडला होता तू."

"यावर पडलो होतो." अंकुशने हातोडा बंपरवर वाजवला. "बाबानं पाडलं. केस धरून. दोनदा."

जितेंद्रने मान हलवली. "मेलेल्या माणसावर काहीबी घाण टाकतं? शरम नाई वाटत? मले बी मारलं त्यायनं, पट्ट्यानं मारलं. म्हणून आज माणूस झालो मी."

"तू माणूस झाला?" अंकुश हसला. हसायला नको होतं.

पहिली थप्पड कानावर बसली. अंकुशच्या हातून हातोडा पडला. दुसऱ्या हातात पाना होता, तो त्याने आडवा फिरवला आणि तो जितेंद्रच्या बरगडीत बसला. जितेंद्र कळवळून वाकला, पण वाकता वाकताच त्याने अंकुशची कंबर धरली आणि दोघे गाडीच्या तोंडाशी धूळ उडवत कोसळले. गुडघे, कोपरं, नखं. अंकुशने त्याच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. जितेंद्रचा श्वास घोड्यासारखा फुरफुरत होता. तेवढ्यात त्याचा हात अंकुशच्या डोक्यामागे गेला आणि बोटं केसांत रुतली.

आणि अंकुशचं अंग ढिलं पडलं. त्याला लढायचं होतं, हातपाय ऐकेनात. चाळिशीला आलेला, अंगापिंडाने मजबूत माणूस, पण मुठी आपोआप सुटल्या आणि हात पाठीमागे गेले, मार खाणाऱ्या पोराचे जातात तसे. डोळ्यांसमोर क्रोम आलं. खालचा ओठ त्यावर आपटून फुटला, रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं. जितेंद्रने त्याचं डोकं परत मागे ओढलं.

वच्छला स्वयंपाकघरातून धावत आली होती. तिने काय पाहिलं, तर केसांतला तो हात. तिने विचार केला नाही. जॅक फिरवायची लोखंडी दांडी, टॉमी, चाकाशेजारी पडली होती. ती दोन्ही हातांनी उचलून तिने जितेंद्रच्या मनगटावर घातली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. जितेंद्र किंचाळला. हात सुटला. तिने टॉमी पुन्हा उचलली, यावेळी डोक्याच्या रोखाने, आणि अंकुश धडपडत मधे आला नसता तर तिने ती घातलीच असती.

"माय! बस झालं, माय!"

"सोड मले! तवा मी उभी राहिली होती. नुसती उभी!" म्हातारी टॉमी सोडत नव्हती.

जितेंद्र मनगट पोटाशी धरून धुळीत बसला होता. "तू मले मारलं?"

"हाव. अजून मारीन."

जितेंद्रचीच गाडी काढून अंकुशने दोघांना धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने ओठावर फडकं.  एक्स-रे काढला, मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. "कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं. जितेंद्र म्हणाला, "जॅक सटकला." वच्छला म्हणाली, "मी मारलं." डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा अंकुशच्या ओठाकडे, आणि प्लास्टरची चिठ्ठी लिहायला घेतली.

जितेंद्र प्लास्टरसाठी आत गेला. अंकुशच्या ओठाला टाके पडले. मग मिनल आली, जितेंद्रची बायको, लेक गार्गीला कडेवर घेऊन. तिला फोनवर नुसतं हात मोडल्याचं कळलं होतं.

"कोणी मारलं, आई?"

"मी."

आता सून बोल लावेल, म्हणून वच्छला मान ताठ करून बसली. मिनल पोरीला खाली ठेवून सासूशेजारी बाकावर बसली. अगदी हळू तिने विचारलं, "कोणता हात?"

"उजवा."

"प्लास्टर किती दिवस राहीन?"

अंकुशने मान वर केली. वहिनीच्या आवाजात काळजी नव्हती. हिशेब होता, किती दिवस सुखाचे मिळतील याचा. वच्छलालाही ते कळलं. तिने मिनलची ओढणी खांद्यावरून जरा बाजूला केली. गळ्याशी, कॉलरबोनच्या वर, बोटांचे पिवळे पडत चाललेले वळ होते.

"काहून नाई सांगितलं वं?"

"कोणाले सांगू? सगळे म्हणते, माणूस किती शांत हाय."

वच्छलाने तिचा हात हातात घेतला, आणि मग तिला रडू फुटलं. मोठ्याने, दवाखाना आहे याचं भान न ठेवता. गार्गी घाबरून आजीला चिकटली. अंकुशचा ओठ सुजून पाव झाला होता. तो उठला, खाली गेला आणि रिक्षा बोलावून आला.

जितेंद्र गळ्यात हात बांधून बाहेर आला तेव्हा तिघी उभ्या होत्या. "चला," तो मिनलला म्हणाला.

"ते नंदनवनले चालली," वच्छला म्हणाली. "तू तुह्या घरी जा."

"माय, मी तिले..." त्याने अंकुशकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. "माहा हात कसा उठते, मलेच समजत नाई."

"समजल्यावर ये. ते बी फाटकाबाहेरूनच बोलाचं."

तो एकटाच जिना उतरून गेला. अंकुशच्या मनात आलं, मागे जावं, त्याला निदान घरापर्यंत सोडावं. मोडलेल्या हाताने तो गाडी कशी चालवणार? दोन पायऱ्या उतरलाही. मग टाक्यांतून कळ आली आणि तो थांबला.

त्या दुपारी नंदनवनात मिनलने अंकुशसाठी भाताची पातळ पेज केली. फोन दोनदा वाजला. तिने पाहिला, आणि उलटा करून ठेवला. गार्गी कूलरसमोर झोपून गेली होती. अंकुश तोंडाच्या एका कोपऱ्यातून चमच्याने पेज ओढत बसला आणि वच्छलाने आतली खोली झाडायला घेतली, मायलेकींना राहायला.