प्रकाशाचा धडा जप्त

छापखान्यात एकूण माणसं चार आणि कॉम्प्युटर तीन. अंध मुलांसाठी ब्रेलमध्ये पाठ्यपुस्तकं छापायची, एवढंच तिथलं काम. चोरून नेण्यासारखं तिथे काय होतं, हा प्रश्न तेवीस वर्षांत कुणाला पडला नव्हता. मुख्य कार्यालयाला मात्र तो पडला, आणि एका सोमवारी तिथल्या तिन्ही कॉम्प्युटरवर 'तटबंदी' नावाचं सुरक्षा सॉफ्टवेअर येऊन बसलं.

बसलं म्हणजे काय, ठाण मांडूनच बसलं. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी अर्धा तास तटबंदी सगळीकडे झडती घ्यायची. तोवर ताईंनी चहा प्यावा, खिडकीतून समोरच्या गॅरेजवाल्याची गंमत बघावी आणि मग पुन्हा एक चहा प्यावा. ताई म्हणजे ब्रेलची जुळणी करणाऱ्या. वय बावन्न, चष्म्याचा नंबर वाढता, आणि हात असा की बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत ठिपके तयार.

"सुरक्षा महत्त्वाची, ताई," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे छापखान्याचे व्यवस्थापक. कपाटाला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघायचे आणि जिन्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा ओढायला परत यायचे. असा माणूस तटबंदीच्या प्रेमात पडला नसता तरच नवल.

"महत्त्वाची तर आहेच," ताई म्हणाल्या. "काम झालं नाही तरी चालेल, पण न झालेलं काम सुरक्षित राहिलं पाहिजे."

साहेबांना टोमणा कळला की नाही, कोण जाणे. ते खूश होऊन मान डोलवत गेले.

मंगळवारी पहिला दणका मास्तरांना बसला. मास्तर मुद्रितं तपासायचे. जन्मापासून अंध. पूर्वी अंध मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक बोलका प्रोग्राम होता. पडद्यावर जे येईल ते तो मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मास्तर त्याच्या आधारे पत्रं लिहायचे, याद्या करायचे, कधीमधी बातम्या ऐकून सरकारला शिव्याही द्यायचे. मंगळवारी सकाळी तो बोलेनासा झाला.

"ताई, जरा बघा हो. माझ्या पोपटाला काय झालं?"

ताईंनी पाहिलं. पडद्यावर लाल चौकट होती. 'हा प्रोग्राम तुमच्या पडद्यावरचा सर्व मजकूर वाचून बाहेर सांगतो. हेरगिरीची शक्यता असल्याने त्याला गप्प करण्यात आले आहे. अधिक माहितीसाठी ही सूचना वाचा.'

"म्हणजे वाचून दाखवणाऱ्याचं तोंड बांधलं," मास्तर म्हणाले, "आणि का बांधलं ते मला लेखी कळवलं. वा! अक्कल वाटली तेव्हा हे चाळण घेऊन गेले होते वाटतं."

मदतकेंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातला सहा आकडी कोड वाचून दाखवा, असं तो मास्तरांना म्हणाला.

"मला दिसत नाही," मास्तर म्हणाले.

"चष्मा लावून बघता का सर?"

मास्तरांनी फोन ताईंकडे दिला. त्यांना इतकं हसू लोटलं होतं की बोलवेना. ताईंनी कोड वाचून दाखवला. आवाजाने विचारलं, "रीस्टार्ट करून पाहिलंत का?" केलं होतं, पाच वेळा. "मग एकदा परत करा," असं सुचवून त्याने फोन ठेवला. दहा मिनिटांत निरोप आला: 'तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे.' पोपट मुकाच होता.

पण खरं संकट बुधवारी आलं.

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचे सात धडे छापून, शिवून तयार होते. उरलेले तीन ताईंनी महिनाभर खपून जुळवले होते. मास्तरांनी त्यांची कच्ची प्रत बोटांनी तपासून चुका काढल्या होत्या, त्या दुरुस्त झाल्या होत्या. आता फक्त छापायचं होतं. सोमवारी शाळेची गाडी यायची होती आणि छत्तीस मुलं पुस्तकाची वाट बघत होती.

ताईंनी फोल्डर उघडला. फोल्डर रिकामा.

आधी त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. वय झालं की माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. मग त्यांना लाल चौकट दिसली. 'अभिनंदन! तटबंदीने २३ धोके रोखले. या फाइलींमधला मजकूर वाचता येत नाही. खंडणीखोरांनी त्यांना कुलूप लावल्याची दाट शक्यता. सर्व फाइली नष्ट केल्या आहेत.'

ब्रेलची फाइल साध्या कॉम्प्युटरवर उघडली की खरंच तशी दिसते. अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, कंस यांची खिचडी, जणू कीबोर्डावरून मांजर चालत गेलंय. ठिपके उठवणाऱ्या यंत्राला त्यातला शब्द न् शब्द कळतो. तटबंदीला कळला नाही. आणि जे आपल्याला कळत नाही ते चोराचंच असणार, हा तिचा न्याय.

"मास्तर, प्रकाशाचा धडा गेला," ताई म्हणाल्या. "ध्वनीचा गेला. चुंबकाचाही गेला."

"चुंबक तरी चिकटून राहायला हवा होता," मास्तर म्हणाले. पण ताई हसल्या नाहीत, तेव्हा ते उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "पेन ड्राइव्हवर एक प्रत होती ना?"

होती! ताईंच्या जिवात जीव आला. शहाण्या बाईसारखी त्यांनी दर शुक्रवारी प्रत ठेवली होती. त्यांनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि कॉम्प्युटरला लावला. हिरवी रेघ सरसर धावली. चौकट आली. 'अभिनंदन! आणखी २३ धोके.'

ताई तशाच बसून राहिल्या. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची सोय नव्हती, कारण कुत्रं आवरायची दोरी मुख्य कार्यालयात होती.

घरी जाऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. लेक भाजी चिरत होती.

"आई, रीस्टार्ट केलंस का?"

"अगं, आता मलाच रीस्टार्ट करायची वेळ आली आहे," ताई म्हणाल्या आणि न जेवताच आडव्या झाल्या. नवऱ्याने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तो ताट घेऊनच आला आणि शेजारी बसून राहिला. मग त्या जेवल्या.

गुरुवारी मुख्य कार्यालयाने इंजिनिअर पाठवला. चाळिशी उलटलेला, कंबरदुखीचा पट्टा बांधलेला आणि चेहऱ्यावर असा भाव की आजच्या दिवसातलं हे नववं घर. त्याने कॉम्प्युटर तासभर धुंडाळला.

"फाइली परत येणार नाहीत," तो म्हणाला. "तटबंदी बाकी कशात पक्की नाही, पण खोडण्यात एकदम पक्की आहे."

"मग तिला काढून टाका," ताई म्हणाल्या.

"माझ्या हातात नाही. सुरक्षा समितीची परवानगी लागते. समितीची बैठक वीस तारखेला."

"आणि गाडी सोमवारी."

इंजिनिअरने टेबलावरची कच्ची प्रत उचलली. जाड कागदावर नुसते ठिपके. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. "हे नक्की असतं काय?"

मास्तरांनी त्याच्या हातातून कागद घेतला, बोटं टेकवली आणि वाचलं, "प्रकाश नेहमी सरळ रेषेत जातो. त्याच्या वाटेत अडथळा आला तर अडथळ्याच्या मागे सावली पडते."

इंजिनिअरने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "तिन्ही धड्यांची अशी प्रत आहे?"

"चौसष्ट पानं. एकूण एक," मास्तर म्हणाले.

"म्हणजे परत जुळवता येईल. फक्त जुळवल्यावर तटबंदी परत खाईल." त्याने कंबर दाबली, खोलीभर नजर फिरवली आणि आवाज खाली आणला. "एक रस्ता आहे. तटबंदी वापरातल्या यंत्रावरच असावी, असा नियम आहे. भंगारातल्या यंत्राला ती लागत नाही. हा कॉम्प्युटर आणि मास्तरांचा कॉम्प्युटर भंगारात काढल्याचा फॉर्म भरा. मी दोन्हीवरून तटबंदी उतरवतो, इंटरनेटची तार काढतो आणि 'भंगार तपासलं' म्हणून सही करतो. नंतर भंगार कुठे ठेवायचं ते नियमात लिहिलेलं नाही. टेबलावर ठेवलं तरी चालतं."

"तुमच्या घरी आहे का हो तटबंदी?" ताईंनी विचारलं.

"घरी कामं असतात मला," इंजिनिअर म्हणाला.

फॉर्मवर साहेबांची सही लागणार होती. साहेबांनी फॉर्म वाचला, खाली ठेवला, परत वाचला.

"चालू यंत्र भंगारात? उद्या चौकशी झाली तर? कुणी हल्ला केला तर?"

"साहेब, हल्ला झालाय," ताई म्हणाल्या. "काल सकाळी. हल्लेखोर आतच बसलाय आणि आपलं अभिनंदन करतोय."

"तसं नाही हो, पण नियम म्हणून..."

तेवढ्यात फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सोमवारी गाडी किती वाजता पाठवू, असं त्या विचारत होत्या. ताईंनी नुसता फोन साहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा त्यांना. नियम काय आहे तेही सांगा."

साहेबांनी फोन कानाला लावला. पलीकडून बाई बोलत होत्या, मुलं रोज विचारतात म्हणून सांगत होत्या. साहेब ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "दहा वाजता पाठवा. पुस्तकं तयार असतील." आणि फोन ठेवून त्यांनी सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तटबंदीने ते जप्तच केलं असतं.

अर्ध्या तासात मास्तरांचा पोपट बोलू लागला. मास्तरांनी त्याला पहिल्यांदा तारीख विचारली आणि मग उगाचच दोनदा वेळ विचारली.

शुक्रवार आणि शनिवार दोघांनी मान वर केली नाही. मास्तर बोटांनी वाचत, ताई जुळवत. ब्रेलला सहाच कळा लागतात. ताईंची सहा बोटं अशी चालत होती, जणू कुणाचा सूड घ्यायचाय. शनिवारी दुपारी प्रकाशाच्या धड्यातलं परावर्तन आलं.

"आरशासमोर उभे राहा आणि आपली प्रतिमा पाहा," मास्तरांनी वाचलं आणि थांबले. मग त्याच सुरात पुढे म्हणाले, "एक चेंडू भिंतीवर सरळ टाका. मग तिरका टाका. तो कोणत्या बाजूने परत येतो ते कानाने ऐका. प्रकाशही असाच परततो."

ताईंची बोटं थबकली. "मास्तर, हे पुस्तकात नाही."

"नाही? तुम्हाला नक्की आठवतंय?"

"मूळ छापील पुस्तक इथे टेबलावर आहे."

"असेल. मला दिसत नाही," मास्तर म्हणाले. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "वीस वर्षं शिकवलं हो मी. दरवर्षी हे वाक्य आलं की वर्ग गप्प बसायचा. एकदा एका मुलीने विचारलं होतं, सर, हे आमच्यासाठी आहे का?"

ताईंनी नियम आठवला. ब्रेल प्रतीत मूळ मजकुराचा कानामात्राही बदलायचा नाही. तेवीस वर्षांत त्यांनी बदलला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "चेंडू भिंतीवर सरळ टाका. पुढे?"

रविवारी यंत्र दिवसभर धडधडत होतं. साहेब स्वतः कागदाचे गठ्ठे उचलून आणत होते. त्या दिवशी त्यांनी कपाटाचं कुलूप एकदाच ओढलं, कारण हात भरलेले होते. सोमवारी दहाला गाडी आली आणि साडेदहाला छत्तीस पुस्तकं घेऊन गेली.

महिन्याअखेरीस मुख्य कार्यालयाकडून प्रशस्तिपत्र आलं. सर्वाधिक धोके रोखल्याबद्दल छापखान्याला पहिला क्रमांक. धोके एकूण सत्तेचाळीस. त्यातले सेहेचाळीस ताईंनी लिहिलेले आणि सत्तेचाळिसावा मास्तरांचा पोपट. वीस तारखेच्या बैठकीत या कामगिरीची दखल घेऊन तटबंदीची मुदत आणखी तीन वर्षं वाढवण्यात आली होती. साहेबांनी प्रशस्तिपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. ताई रोज त्याच्याकडे पाठ करून बसायच्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मुख्याध्यापिकांचा फोन आला. सूर तक्रारीचा होता.

"अहो, त्या प्रकाशाच्या धड्यात काय छापलंय तुम्ही? आठवीचा वर्ग चार दिवस भिंतींवर चेंडू बडवतोय. सातवीची मुलंही शिरली त्यात. कुणाला काही ऐकू येत नाही. मी मूळ छापील पुस्तक काढून बघितलं, त्यात तर हे नाहीच!"

"असं होतं कधीकधी," ताई शांतपणे म्हणाल्या. "कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला असेल."

"ताई, मी गंमत करत नाही."

मग ताईंनी फोन मास्तरांकडे दिला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. बाईंचा राग ओसरल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि मुलांना समजलं का?"

फोनमधून लांबवर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता, एका लयीत.

"समजलं," बाई म्हणाल्या.