हिरव्या ठिपक्याची खोटी साक्ष

मित्रांनो, कोपऱ्यात तडा गेलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला हा जुना टॅब म्हणजे मी. वय वर्षे सहा, म्हणजे आमच्यात म्हातारपणच. म्हातारे चिडके होतात म्हणे. मीही चिडलो आहे, पण वयामुळे नाही.

कारखान्यात माझ्यावरून शेकडो हात फिरले. त्यातले कुणी माझ्याशी बोलले नाही. पुढे एका भावाने मला आपल्या मोठ्या बहिणीसाठी विकत घेतले. गल्लीतली मुले तिला शिलाईमावशी म्हणतात. तीस वर्षे तिने लोकांचे कपडे शिवले. मग संधिवाताने तिची बोटे वाकवली, गुडघे धरले आणि तिला चाकांच्या खुर्चीत बसवले.

भावाने एक डोळा घड्याळावर ठेवून दहा मिनिटांत मला पलंगाशेजारी अडकवले. तिच्या बोटांना त्रास नको म्हणून माझा पडदा कधी विझणारच नाही, अशी सोय केली. नुसती हाक मारली तरी मी फोन लावतो, हे मात्र सांगायचे राहिले. "आता तू एकटी नाहीस हं, ताई," असे म्हणून तो गेला तो गेलाच.

सुरुवातीला मी फुशारलो होतो. मी तिला पुस्तके वाचून दाखवली. तिच्यासारख्याच आजारी माणसांचा एक ऑनलाइन गट मिळवून दिला. दुपारी बाराला प्रत्येकाने आपल्या आवाजात "हजर" म्हणायचे, हा त्यांचा नियम. प्रत्येकाने एकेका शेजाऱ्याचा नंबरही देऊन ठेवला होता. निवृत्त पोस्टमनकाका असे खणखणीत "हजर" म्हणत, की मावशीला हसू फुटे.

पण मी येण्याआधी तिची धाकटी बहीण दर रविवारी यायची. मावशीचे हात वर जात नाहीत, म्हणून तिचे केस धुवून वेणी घालायची. मी आलो आणि ती पडद्यावरच येऊ लागली. मित्रांनो, पडद्यावरून केस धुता येतात का? शेवटी मावशीने कामवाल्या बाईंकडून केस कापून घेतले.

"अय्या, किती सुटसुटीत दिसतंय गं!" बहीण म्हणाली.

"हो ना," मावशी म्हणाली. कापलेली वेणी तिने कागदात गुंडाळून उशीखाली ठेवली होती. बहिणीला ती दिसली नाही, मला दिसली.

एका मंगळवारी बाई काम आटपून गेल्या आणि मावशी खुर्चीवरून घसरली. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये अडकून पडली. मी वर पुस्तक वाचतच होतो. माझा पडदा उजळ होता, म्हणून तिच्या नावापुढचा हिरवा ठिपकाही पेटलेला होता. भावाने तो ऑफिसात आपल्या फोनवर पाहिला आणि ताई ठीक आहे असे समजून निर्धास्त झाला. बहिणीने फुलांचे चित्र पाठवले, "शुभ सकाळ!" मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती!

बारा वाजले. मावशीचे "हजर" आले नाही. पोस्टमनकाकांनी तीनदा फोन केला. मी जीव तोडून वाजलो, पण तिचा हात पोचेना. मग काकांनी खालच्या इस्त्रीवाल्याला गाठले. किल्ली त्याच्याकडे असते; त्याने दार उघडून मावशीला सोडवले. स्वतः चार पावले चालू न शकणाऱ्या माणसाने तिला दुसऱ्या गावातून उचलले, मित्रांनो!

संध्याकाळी भाऊ-बहीण धावत आले. "अगं, पण तू ऑनलाइन दिसत होतीस!" बहीण रडत म्हणाली.

"दिसत होते," मावशी म्हणाली. "पडले होते."

त्यानंतर दोन रविवार बहीण आली. तिसऱ्या रविवारी पुन्हा माझ्यावर तिचा फोन वाजला. मावशीने तो उचललाच नाही, वाजू दिला. अर्ध्या तासाने बहीण धापा टाकत दारात उभी.

"फोन का नाही उचललास? जीव गेला माझा!"

"केस धुवायचेत," मावशी म्हणाली.

बोटभर केस धुवायला कितीसा वेळ लागतो? तरी बहीण तासभर धूत राहिली. तेवढ्यात माझी बॅटरी संपली. कुणाच्या लक्षातही आले नाही आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

मित्रांनो, मला पुस्तके वाचायला लावा, निरोप न्यायला लावा, मी आनंदाने राबेन. पण तुमच्या वतीने मला भेटीला पाठवू नका. तुमच्या ओळखीतही असा एखादा हिरवा ठिपका पेटलेला असेल. त्याच्या भरवशावर राहू नका. उठा, आणि जाऊन दार वाजवा.