शुभदिनी उमटलेला ठसा

विषय : मात्सुए (जपान) येथील कै. सेइकिची कुवाबारा यांच्या मृत्युपत्रातील फेरबदलाबाबत.
संदर्भ : अस्मादिक, म्हणजे त्यांचा नोंदणीकृत शिक्का.

मी बोलतोय. म्हशीच्या शिंगाचा, बोटाएवढा. नगरपालिकेत माझा ठसा नोंदवलेला असल्याने मालकाच्या शब्दापेक्षा माझ्या लाल वर्तुळाला वजन अधिक. मालकांचा निमंत्रणपत्रिकांचा छापखाना होता. मला मात्र ते फक्त मोठ्या कामांना बाहेर काढत; एरवी माझा मुक्काम पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात.

पहिल्या मृत्युपत्रात बँकेतले सगळे बायकोला आणि घर थोरल्या ताकुरोला लिहिले होते. मी ठसा दिला आणि निश्चिंत झालो. पुढे बायको गेली. मग ताकुरोही गेला. आता कागदावर दोन वारस होते आणि दोघेही वर देव्हाऱ्यात. कागद मात्र तब्येतीने उत्तम होता.

ताकुरोची विधवा फुमिनो सासऱ्याजवळच राहिली. त्यांचे पथ्य, औषधे, सकाळचे शिंपल्यांचे सार, सगळे तिच्याकडे. कायद्याच्या लेखी सून वारस नाही, त्यामुळे मृत्युपत्र बदलले नाही तर घर धाकट्या यासुहिरोला मिळणार होते. तो ओसाकाहून नववर्षाला मिठाईचा डबा घेऊन येई आणि जाताना मुळ्याचे लोणचे घेऊन जाई.

मालकांची बहीण मित्सुयो समोरच राहायची. ती रोज येऊन टोचायची.

"दादा, मृत्युपत्र लिही. तू गेलास की ही पोर रस्त्यावर येईल."

"आज? दिनदर्शिका बघ जरा. असल्या दिवशी मी कुणाची पत्रिकासुद्धा छापली नाही."

"मग उद्या लिही."

"उद्या सकाळ वाईट आहे."

"दुपारी लिही!"

"दुपारी मी झोपतो."

"आणि मधेच मेलास तर?"

"वाईट दिवशी मी मरेन होय?"

अखेर सर्वोत्तम दिवस उजाडला. मालकांनी नवा किमोनो घातला, कुंचल्याने स्वहस्ते लिहिले : घर फुमिनोला. खाली वर्ष घातले, महिना घातला आणि पुढे डौलदार अक्षरांत लिहिले, 'शुभदिनी'. जन्मभर प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी त्यांनी हेच तर छापले होते! मग मला दाबले. फुमिनोने वाचले आणि ती तांदूळ धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मालक गेले, तेही भर वाईट दिवशी. कौटुंबिक न्यायालयात पाकीट उघडले. यासुहिरोच्या वकिलाने कागद डोळ्यांशी नेला.

"अक्षर सुरेख आहे. तारीख कुठे आहे?"

महिन्यात शुभ दिवस अनेक असतात. कायद्याला त्यातला नेमका एक लागतो. इतका मुहूर्त पाहून केलेला कागद त्यामुळे निरर्थक ठरला.

"वहिनी, मला फार वाईट वाटतंय," यासुहिरो म्हणाला. "पण नियम म्हणजे नियम."

"नियम बरा आठवला रे! बाप जेवला का, हे कधी आठवलं नाही," मित्सुयो म्हणाली.

मालकाबरोबर माझी नोंदही रद्द झाली. आता मी निवृत्त आहे, म्हणजे सल्ला देण्यास मोकळा : घरातले माणूस गेले, की आधी आपले मृत्युपत्र बदलायला काढा, दिनदर्शिका नंतर.

परवा यासुहिरो विचारायला आला होता, "वहिनी, घर कधी रिकामं करताय?"

फुमिनोने भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली, नीट पाहिली आणि म्हणाली, "आज दिवस चांगला नाही, भाऊजी."

सासऱ्याच्या सेवेचा मोबदला मिळावा, असा अर्ज तिने कौटुंबिक न्यायालयात केला आहे. अर्ज प्रलंबित आहे.